स्पितीचा बेत तुम्ही कसा आखलात? अनुभव लिहावेत

हिमाचल प्रदेशातल्या स्पिती खोऱ्यात जाऊ पाहणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा ‘किती दिवस लागतील’ हा असतो. माझ्या मते त्याच्याही आधी ‘कोणत्या बाजूने शिरायचे’ हे ठरले पाहिजे. शिमल्याहून किन्नौरमार्गे गेलात, तर कल्पा, नाको, ताबो असे मुक्काम करत अंगाला उंचीची सवय होते आणि मग ३,६५० मीटरच्या आसपास वसलेले काझा गाठता येते. मनालीहून निघालात, तर दोन हजार मीटरवरून उठून त्याच दिवशी साडेचार हजार मीटरहून उंच कुंझुम खिंड ओलांडावी लागते. २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून रोहतांगचा घाट टळतो आणि वेळ वाचतो. पण मुंबई-कोकणातून येणाऱ्यांच्या शरीराला नेमका तो वेळच हवा असतो. म्हणून किन्नौरकडून आत आणि मनालीकडून बाहेर, असे माझे ठाम मत आहे. आपण कोणत्या ऋतूत, कोणासोबत गेलात, ते तपशिलासह लिहावे.

*

आम्ही सत्तरी गाठलेल्या आईवडिलांना घेऊन गेलो होतो. कोणत्या रात्री किती उंचीवर झोपणार, हे लिहिलेला कागदच निघण्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरांना दाखवला. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये, असे त्यांनी सांगितले. ताबो हे नाकोपेक्षा सुमारे तीनशे मीटर खाली आहे; तिथे आईला शांत झोप लागली, आणि इ.स. ९९६ मध्ये स्थापन झालेल्या गोम्पाची, म्हणजे बौद्ध मठाची, मातीची मंदिरे सकाळी घाई न करता पाहता आली. आत छायाचित्रे काढू देत नाहीत आणि अंधारही बराच असतो; डोळे सरावेपर्यंत भिंतीसमोर नुसते उभे राहावे, म्हणजे एकेक चेहरा, एकेक रंग दिसू लागतो. लांगझा, हिक्कीम आणि कोमिक ही गावे काझाहून पुष्कळ उंच आहेत, त्यामुळे ती दिवसा पाहून मुक्कामाला काझालाच परतायचे, हे आधीच ठरवले होते. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नये, आणि सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असल्यास ते त्यांना अवश्य सांगावे, ही कळकळीची विनंती. उलट्या थांबत नसतील किंवा चालताना तोल जात असेल, तर पुढचे ठिकाण सोडून लगेच खाली उतरावे. तिथे भिडेखातर कोणी गप्प बसू नये.

*

वरील मताशी सहमत आहे. परतीच्या वाटेबद्दल थोडी भर घालतो. कुंझुम उतरल्यावर मनालीच्या वाटेवर लागणाऱ्या बातल ते ग्राम्फू या पट्ट्यात वितळलेल्या बर्फाचे नाले रस्त्यावरूनच वाहतात, आणि सकाळी घोटाभर असलेले पाणी ऊन चढल्यावर बघता बघता वाढते. छत्रूच्या अलीकडे आमच्या चालकदादांनी गाडी थांबवली, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि बुडाशी असलेले दगड पायाने चाचपत ते पलीकडे जाऊन आले. मगच त्यांनी पहिल्या गिअरमध्ये, मध्ये कुठेही न थांबता गाडी पार नेली. चंद्रताल सरोवराजवळचा मुक्काम शेवटीच ठेवावा, कारण तिथे सुमारे ४,२५० मीटरवर झोपायचे असते, आणि तिथून उजाडताच निघावे.

*

मी एकटी, रेकाँग पिओहून काझाला जाणाऱ्या सरकारी बसने गेले. बस सकाळी सुटते, म्हणून आदल्या रात्री पिओलाच राहणे सोयीचे पडते. रोख पैसे पुरेसे ठेवावेत, आणि फोन लागेलच असे गृहीत धरू नये, हे घरी आधी सांगून निघावे. पिन खोऱ्यातल्या मुढला घरगुती मुक्काम केला. तिथे कोरडे शौचालय असते, वापरल्यावर फावड्याने माती टाकायची, आणि तेच खत पुढे शेतात जाते. पाण्याची टंचाई पाहता ही पद्धत मला फार शहाणपणाची वाटली.

ऋतूबद्दल एक सांगते. स्पिती पर्जन्यछायेत असल्यामुळे पावसाळ्यात जायला हरकत नाही, असे अनेक जण समजतात. पण तिथवर नेणारा किन्नौरचा रस्ता जुलै-ऑगस्टमध्ये दरडी कोसळून बंद पडू शकतो. हिवाळ्यात कुंझुम बंद असते, तेव्हा तोच एक मार्ग उरतो. त्यामुळे चंदीगडहून परतीचे तिकीट काढताना मध्ये निदान दोन दिवस मोकळे सोडावेत.