मदत हवी आहे: स्कॉलरशिपचे ४५ हजार आले, निम्म्याहून जास्त खर्च झाले, आता कॉलेज फी मागतंय

औशाची_पोर

पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. खाजगी कॉलेज, प्रवेश एससी कोट्यातून, महाडीबीटीवर (राज्य सरकारचं पोर्टल) पोस्ट मॅट्रिक स्कॉलरशिपचा फॉर्म भरलेला. तीन आठवड्यांपूर्वी खात्यात एकदम ४५,००० जमा झाले. एवढी रक्कम माझ्या पासबुकावर पहिल्यांदाच. एका सीनियर दादाला विचारलं तर म्हणाला, "फी परस्पर कॉलेजला जाते, खात्यात येतं ते आपलं."

मग काय. रूमचं तीन महिन्यांचं भाडं थकलं होतं, ९,००० दिले. मेसचे ५,६००. आईच्या बचत गटाचे हप्ते तुंबले होते आणि बायका दारात येऊन बसायच्या, तिला १२,००० पाठवले. कपडेलत्ते, हॉटेल यातलं काही नाही, हे मुद्दाम सांगतेय.

परवा स्टुडंट सेक्शनला बोलावलं. मॅडम म्हणाल्या, यातले ४०,८०० फीचे आहेत, सात दिवसांत भरायचे होते, आता परीक्षेचा फॉर्म पुढे सरकणार नाही. माझ्याकडे आहेत १८,४००. बाबांना अजून सांगितलेलं नाही.

१) खरंच एवढी रक्कम फीची असते का, की कॉलेज जास्त घेतंय?
२) हप्ते पाडून मिळतात का?
३) रूममेटचं उलटंच. तिला राजर्षी शाहूची स्कॉलरशिप आहे, पोर्टलवर पैसे दिल्याचं दिसतंय, पण खात्यात दमडी नाही. तिनं काय करावं?

टेकडीवरून

आधी विचारायचं, मग खर्च करायचा. ४५ हजार आले आणि एकदाही वाटलं नाही की हे कशाचे आहेत?

नाना_फाइलवाले

टेकडीवरून, पोरीनं विचारलं होतं की, उत्तर चुकीचं मिळालं.

पोरी, मी एका कॉलेजच्या विद्यार्थी विभागात बावीस वर्षं काढली. तुझा सीनियर खोटं बोलला नाही, जुनं बोलला. पूर्वी फीचा भाग परस्पर कॉलेजच्या खात्यात जायचा आणि मुलांच्या हातात फक्त निर्वाह भत्ता पडायचा. २०२१ मध्ये केंद्राने नियम बदलले. आता केंद्राचा हिस्सा ६० टक्के, राज्याचा ४०. राज्याने आपला भाग दिला की केंद्राचे ६० टक्के थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतात, फी आणि भत्ता एकत्र. मोबाइलवर मेसेज येतो तो एका आकड्याचा. त्यात तुझं किती आणि कॉलेजचं किती, हे कुणी लिहीत नाही. दरवर्षी चार-पाच मुलं माझ्या टेबलासमोर रडायची ती याच पायी.

आता हिशोब. रूम करून राहतेस म्हणजे मान्यताप्राप्त वसतिगृहात नाहीस. व्यावसायिक पदवीला अशा मुलांचा भत्ता वर्षाला ७,००० (वसतिगृहात असतीस तर १३,५००). तुझी फी ६८,००० असणार. बेरीज ७५,०००, त्याचे ६० टक्के ४५,०००. त्यातले ४०,८०० फीचे, तुझे ४,२००. मॅडमचा आकडा बरोबर आहे.

हप्त्यांचं: तोंडी विचारू नकोस, तोंडी विचारलं की तोंडीच नाही म्हणतात. प्राचार्यांच्या नावे साधा अर्ज कर. रक्कम कधी आली, गैरसमज कसा झाला, आज १८,४०० भरते, उरलेले २२,४०० अमुक तारखांना भरीन. सोबत पासबुकाची झेरॉक्स आणि हमीपत्र. अर्ज आवक-जावकला देऊन पोच घे. पैसे भरल्याची पावती त्याच दिवशी माग, 'नंतर ये' म्हणाले तर तिथेच उभी राहा.

कायद्याचं_बोला

नानांच्या म्हणण्यात एक भर. सरकारकडून पैसे आले नाहीत म्हणून कॉलेज मुलांना अडवतं तेव्हा जोरात भांडावं, जिल्ह्याच्या समाज कल्याण सहायक आयुक्तांकडे जावं. इथे पैसे आलेत आणि तुझ्याकडून खर्च झालेत, त्यामुळे भांडणाचा सूर लावू नकोस. पण फीच्या तगाद्यासाठी मूळ गुणपत्रिका, टीसी ठेवून घेत असतील तर ते चालत नाही, यूजीसीने २०१८ च्या अधिसूचनेत मनाई केली आहे.

जुना_स्वाधारवाला

ताई, स्वाधार योजनेचा फॉर्म भरलाय का? शासकीय वसतिगृहात नंबर लागला नाही अशा एससी आणि नवबौद्ध मुलांसाठी आहे. पुण्यात वर्षाला ६०,००० : जेवणाचे ३२,०००, राहण्याचे २०,०००, निर्वाहाचे ८,०००. मी त्याच्यावरच शिकलो. पण ते पैसे वेळेवर येतील या भरवशावर खोली घेऊ नका. माझा पहिला हप्ता आला तेव्हा वर्ष संपत आलं होतं आणि मेसवाल्या काकूंचं मी वहीभर देणं लागत होतो.

मी दोन खाती ठेवायचो. आधारवालं फक्त पैसे उतरायला. आले की फीचे लगेच कॉलेजला, उरलेले पोस्टाच्या बचत खात्यात. पोस्टातून काढायला रांग लावावी लागते, म्हणून टिकतात. दर महिन्याच्या एक तारखेला ठरलेले तेवढेच काढायचे. घरी पाठवायचे असतील तर तेही त्याच दिवशी, त्याच पैशातून.

बँकेतली_बाई

रूममेटसाठी. आधार खात्याला 'जोडलेलं' असणं आणि डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी, 'सीडिंग' झालेलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी. सीडिंग एका वेळी एकाच बँकेत असतं आणि सरकारी पैसा तिथेच जातो, फॉर्ममध्ये खातं कुठलंही लिहा. आधारच्या साइटवर लॉगिन करून 'बँक सीडिंग स्टेटस' बघा, बँकेचं नाव कळेल. बऱ्याचदा ते शाळेत असताना काढलेलं, विसरलेलं खातं निघतं.

ते अठरा वर्षं पूर्ण होण्याआधी काढलेलं असेल तर अठरानंतर नव्याने केवायसी (ओळखीच्या कागदांची तपासणी) लागते, तोवर व्यवहार अडतात. कमी कागदांवर काढलेलं 'छोटं खातं' असेल तर सरकारी मदतीची रक्कम सोडून शिल्लक ५०,००० च्या वर जाऊ शकत नाही, महिन्याला १०,००० पेक्षा जास्त काढता येत नाही आणि वर्षभरात एक लाखापेक्षा जास्त जमा होत नाही. मोठी स्कॉलरशिप अशा खात्यातून परत गेलेली मी पाहिली आहे. शाखेत जाऊन पूर्ण केवायसी करून घ्या.

औशाची_पोर

सगळ्यांचे आभार, टेकडीवरून तुमचेही.

अर्ज दिला, पोच घेतली. आज १८,००० भरले (४०० ठेवले, बसला लागतात), उरलेल्या २२,८०० चे दोन हप्ते मिळाले, दुसरा परीक्षेआधी. परीक्षेचा फॉर्म घेतला. बाबांना फोन केला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले सोयाबीनची चार पोती ठेवली होती भाव वाढायची वाट बघत, ती घालतो. मला नको होतं तसं. स्वाधारचं विचारायला सोमवारी समाज कल्याणला जाणार आहे.

रूममेटचे पैसे सापडले. आठवीत असताना गावातल्या बँकेत काढलेलं खातं, पासबुक तिच्या आजीच्या ट्रंकेत. शनिवारी ती केवायसीला गावी जातेय.

नाना, हमीपत्र साध्या कागदावर चालेल ना? मॅडम आता स्टॅम्पपेपर म्हणतायत.