नक्षीदार जॅस्पर ओळखायचा कसा? खंबातचा मिश्र लॉट आणि येरळेतले गोटे

घाटमाथा_खानापूर
गुजरातमधल्या खंबातहून आलेला मिश्र स्लॅबचा (कापलेल्या चपट्या तुकड्यांचा) लॉट आहे, जाडी ५ ते ६ मि.मी. चिठ्ठ्यांवरची नावं: ओशन, लेपर्डस्किन, कंबाबा, डालमेशन, पिक्चर जॅस्पर आणि एक निळा-हिरवा 'सी सेडिमेंट जॅस्पर'. शिवाय येरळा नदीच्या पात्रातले लाल-हिरवे गोटे आहेत. यातला खरा जॅस्पर कोणता? नुसत्या नक्षीवरून नाव ठरवता येतं का? आणि डालमेशनला ३००० ग्रिटच्या, म्हणजे सर्वांत बारीक चाकापर्यंत नेलं तरी काळ्या ठिपक्यांच्या जागी खड्डे राहतात, ते कशामुळे? मशीन सहा चाकांचं आहे, ८० ते ३०००.

कसोटी_विटा
नक्षीवरून नाव द्यायला गेलं की घोळ झालाच म्हणून समजा. आधी दगड जॅस्पर आहे का ते बघा, नावाचं नंतर.

जॅस्पर म्हणजे अतिसूक्ष्म कणांचं क्वार्ट्झ, लोहाची ऑक्साइडं आणि माती मिसळून अपारदर्शक झालेलं. कठीणपणा ६.५ ते ७. स्लॅबच्या कडेला पोलादी सुरीचं टोक दाबून ओढा. करडी रेघ आली आणि बोटानं पुसली गेली, तर ती सुरीच्या पोलादाची, दगड पास. खाच पडली तर नापास. विट्याच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको: सराफाची काळी कसोटी जुन्या वर्गीकरणात जॅस्परच्याच घराण्यातली, सोनं तिच्यावर झिजतं, ती झिजत नाही.

मग पातळ कडेमागे मोबाइलचा टॉर्च धरा. उजेड आरपार आला तर अगेट किंवा कॅल्सेडनी, म्हणजे तेच सूक्ष्म क्वार्ट्झ, पण अर्धपारदर्शक. काही पट्ट्यांतून येतो, काहींतून नाही, तर जॅस्प-अगेट.

विशिष्ट गुरुत्व, म्हणजे दगड पाण्याच्या किती पट जड, ते स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर निघतं. दगड कोरडा तोला. काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्य करा, दगड दोऱ्यानं पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला किंवा भिंतीला टेकू देऊ नका. जो आकडा दिसेल त्यानं कोरड्या वजनाला भागा. ६१ ग्रॅमच्या दगडाला २३ आले तर २.६५. जॅस्पर साधारण २.६ ते २.९ मध्ये बसतो. पण यानं रायोलाइट हा ज्वालामुखी खडक वेगळा काढता येत नाही, त्याचा आकडा जॅस्परच्या अगदी जवळ जातो. तिथं १० पटीचं भिंगच लागतं: ताजा तुटलेला भाग हलवून बघा, छोटे सपाट चकाकणारे आरसे दिसले तर ते फेल्डस्पार हे वेगळं खनिज, म्हणजे जॅस्पर नव्हे. जॅस्पर तुटतो तो शिंपल्यासारखा गुळगुळीत, वक्र.

आता तुमची यादी. डालमेशन हा जॅस्परच नाही. मेक्सिकोतल्या चिवावाचा अग्निजन्य खडक आहे, फिकट भाग क्वार्ट्झ आणि फेल्डस्पारचा, ठिपके आर्फव्हेडसोनाइट या काळ्या खनिजाचे (अँफिबोल गटातलं). ठिपके भोवतालापेक्षा मऊ आणि ठरावीक सपाट पातळ्यांवर फुटणारे, म्हणून चाकावर उपटले जातात. तुमचे खड्डे तेच. लेपर्डस्किन हा रायोलाइट. कंबाबा मादागास्करचा, जीवाश्म शैवाल म्हणून विकतात, पण आहे ज्वालामुखी खडक, हिरवा रंग ॲजिरीनसारख्या खनिजांचा. दिसायला सुरेख आहेत, वापरा खुशाल, फक्त जॅस्पर म्हणून पुढं विकू नका.

ओशन मादागास्करच्या वायव्य किनाऱ्यावरचा. गोलांमध्ये एकात एक कडी, मधल्या जागेत उजेड जाणारी कॅल्सेडनी, पोकळीत साखरेसारखे बारीक स्फटिक, असं तिन्ही एकत्र दिसलं तरच विश्वास ठेवा.

पिक्चर जॅस्परची नावं खाणींची असतात. बिग्ज, डेशूट्स, ओवायही ओरेगॉनमधले, ब्रुनो आयडाहोचा. मूकाइट पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या मूका क्रीकचा, तो तर सागरी सूक्ष्मजीवांच्या सिलिकापासून झालेला. ब्रुनोत तपकिरी-मलई अंडाकृती वेटोळी असतात, बिग्जमध्ये डोंगररांगांसारखे थर. तरीही खाणीची खात्री नसेल तर चिठ्ठीवर 'पिक्चर जॅस्पर' एवढंच लिहा.

कृष्णाकाठ_कराड
येरळेच्या गोट्यांबद्दल. आपल्याकडे बेसॉल्टच्या पोकळ्या-भेगांत सिलिका साचून जॅस्पर होतो. खडक झिजला की कठीण गोटे नदीत शिल्लक राहतात. विहिरीच्या खोदकामाच्या ढिगातही मिळतात.

लाल दगडांत फसवणारे दोन. एक, लाव्हाच्या दोन थरांमधला तांबडा थर, लाल बोल: नखानं किंवा नाण्यानं खरवडतो, ओला केला की मातीचा वास येतो. दुसरा जांभा, महाबळेश्वर-कासच्या माथ्यावरचा, भोकं भोकं असलेला. हिरव्यात सेलाडोनाइट: पोकळीच्या आतला निळसर हिरवा लेप, अगदी मऊ. गडद हिरव्यावर लाल ठिपके आणि सुरीला दाद नाही, तर ब्लडस्टोन.

कासच्या पठारावरून काही उचलू नका, संरक्षित क्षेत्र आहे. आणि शेतात बोटाच्या पेराएवढी, दोन्ही कडांना धार असलेली जॅस्परची पाती दिसली तर ती अश्मयुगीन सूक्ष्मास्त्रं असू शकतात. चाकावर धरायची नाहीत. जागेवरच फोटो काढून पुरातत्त्ववाल्यांना दाखवा.

चाक_आणि_पाणी
घडाईचं सांगतो. पिक्चर जॅस्पर थरांना काटकोनात कापला तरच देखावा दिसतो, थरांना समांतर कापलात तर नुसते डाग. ओशनसारख्या गोलांच्या नक्षीवाल्याला दिशेचं बंधन नाही.

आखणीआधी स्लॅब भिजवून सुकू द्या. बाकी पृष्ठभाग सुकतो, भेगा काळपट ओल्या राहतात. त्या पेन्सिलीनं खुणवून टाळा. ८० चं चाक फक्त आकाराला. कडा तुटत असतील, विशेषतः तुकडे सांधलेल्या ब्रेक्शिएटेड जॅस्परला, तर सुरुवातच २२० पासून. प्रत्येक चाकानंतर दगड पूर्ण पुसून सुकवून तिरक्या उजेडात बघा. ओल्यात ओरखडे लपतात आणि पॉलिशला वर येतात. २२०, २८०, ६००, १२००, ३००० आणि शेवटी ओल्या फेल्टवर (नमद्याच्या चाकावर) सेरियम ऑक्साइडची पॉलिश पावडर. हिरवं क्रोमियम ऑक्साइड नको, भेगांत बसलं की निघत नाही. लाल हेमॅटाइटवाल्याला वेगळं फेल्ट ठेवा, नाहीतर पुढचा फिकट दगड गुलाबी होतो. बोअरचं पाणी जड असेल तर शेवटच्या दोन पायऱ्यांना आरओचं वापरा.

डालमेशनला जास्त दाब दिला की खड्डे वाढतात. ६०० पासून हलका हात आणि नवीन धारदार बेल्ट. खड्डे कमी होतील, जाणार नाहीत.

सुकं कधीच घासू नका. खंबातच्या अकीक कारागिरांत सिलिकोसिस (दगडाच्या धुळीनं होणारा फुप्फुसाचा रोग) किती आहे ते सगळ्यांना माहीत आहे. ओल्या घडाईतही तुषारांत सिलिका उडते, म्हणून एन९५ लावाच. ट्रेमधला गाळ ओला असतानाच पिशवीत भरा, मोरीत ओतू नका.

घाटमाथा_खानापूर
'सी सेडिमेंट'चं विशिष्ट गुरुत्व १.८५ आलं. ॲसिटोनचा बोळा फिरवला तर निळा झाला. मग हा काय?

कसोटी_विटा
दगडाचा चुरा, रंग आणि रेझिन दाबून केलेला ठोकळा. चकचकीत सोनेरी शिराही त्यातल्याच. डायमंड बेल्टवर धरू नका, रेझिन तापून बेल्ट भरतो. विकणाऱ्याला ॲसिटोनच्या बोळ्याचा फोटो पाठवा आणि त्या स्लॅबचे पैसे परत मागा.