मदत हवी आहे: वळवात ऊस आडवा झालाय, वावटळ होती की नुसता वारा?

परवा संध्याकाळी आमच्याकडं (करवीर तालुका) वळीव झाला. चार-पाच मिनिटांत गुऱ्हाळाच्या छपराचे पत्रे उडाले. एक पत्रा बांधावरच्या बाभळीला असा गुंडाळलाय, की हातानं सुटत नाही. गंमत म्हणजे शेजारच्या वाडीत पानही हललं नाही.

म्हातारी माणसं म्हणतात, ढगातून सोंड उतरली होती. मी वाचलंय की वावटळीत पीक पट्ट्याच्या मधोमध आत वळून पडतं आणि ढगातून वारा खाली आदळला तर बाहेर पसरत जातं. पण आमचा ऊस आधीच वाढून कललेला, त्यात दिशा कशी ओळखायची? झाडांवरून ठरवू का? नुकसानीवरून वावटळीचा जोर ठरवणाऱ्या सुधारित फुजिता मापनात (ईएफ) सगळ्यात खालची ईएफ-० पायरी ताशी १०५ ते १३७ किमी वाऱ्याची. फांद्या मोडल्यात, झाड एकही उन्मळलेलं नाही, म्हणजे तेवढंच असावं.

तलाठी पंचनाम्याला यायचेत, तोवर पत्रे हलवू नका म्हणून भावकीला कसंबसं थोपवलंय. फोटो काढताना होकायंत्राची दिशा लिहून ठेवतोय. आणखी काय नोंदवू? जवळपास कुणाकडं ड्रोन आहे का? डिझेल-चहा आमच्याकडून.