गिरिराज कोंबडीला दिसेनासं झालंय, वाचवता येईल का

मिरगाची_पेरणी (खानापूर तालुका):
नमस्कार, आमचं घर नंदगडच्या पुढं आहे. परसात सात कोंबड्या आणि एक कोंबडा, पाच गावठी आणि दोन गिरिराज या सुधारित जातीच्या. त्या दोन गिरिराजपैकी एक तांबडी आहे तिच्याबद्दल विचारायचंय. जूनपासून जो पाऊस लागलाय तो तुम्हाला माहितीच आहे, त्यात मुंगूस फिरतंय म्हणून दीड महिना कोंबड्या बाहेर सोडल्याच नाहीत, खुराड्यातच. तीन आठवड्यांमागं तांबडीच्या डाव्या डोळ्यातनं पाणी यायला लागलं, मला वाटलं काहीतरी लागलं असेल, मग पापण्या चिकटल्या आणि आता तिथं आत गोळा असल्यासारखी सूज आहे. उजवा डोळा उघडा आहे पण वर ढग आल्यासारखं दिसतंय. दाणे टाकले की बाकीच्या धावतात, ही जागेवरच मान तिरकी करून ऐकत उभी राहते आणि चोच मारते ती दाण्याच्या बाजूला मातीत. काल पाण्याच्या भांड्याला धडकून सगळं सांडली. आणि दुसरी गिरिराज तिचा तुरा टोचालीय, रक्त काढलंय.

सासूबाई म्हणतात श्रावण लागायच्या आत कापून मोकळी हो, आंधळी कोंबडी कोण सांभाळतं. मला ते जमणार नाही, माझी मुलगी तिला रोज तळहातावर तांदूळ घालते. मेडिकलमधनं माणसांच्या डोळ्याचे ड्रॉप आणलेत, अजून घातले नाहीत. घालू का?

नाना_उचगाव:
वैनी, ते ड्रॉप घालू नका. माणसांच्या बऱ्याच ड्रॉपमध्ये स्टेरॉइड असतं आणि डोळ्याला आत जखम असली तर त्यानं डोळा आणखी बिघडतो. मी २६ वर्षं गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो, अशा कोंबड्या पावसाळ्यात लई यायच्या.

आधी तांबडीला वेगळी काढा, आज संध्याकाळीच. टोचणी एकदा सुरू झाली आणि रक्त दिसलं की बाकीच्याही टोचतात, डोळ्यापेक्षा आधी त्यानंच मरेल. डालग्याखाली ठेवा नाहीतर पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा पण वेगळी.

आता हे बघून सांगा. डोळ्यात फेस आहे का, नाकातनं पातळ येतंय का आणि तोंडाजवळ नाक नेलं तर कुजका वास येतोय का. तोंड सुजून सूज दोन्ही गालावर, फेस, घाण वास असं असलं तर तो कोरायझा, जिवाणूंमुळं होतो, त्याला डॉक्टरच अँटिबायोटिक देईल आणि बरी झालेली कोंबडीसुद्धा पुढं दुसऱ्यांना देत राहते हे लक्षात ठेवायचं. रात्री अंधारात कान देऊन ऐका, घरघर येत असेल तर तो श्वासाचा आजार, त्यातपण डोळ्यात फेस येतो. मान नुसती ऐकायला तिरकी करते की पीळ पडतोय तेपण बघा, पीळ पडून हिरवी पातळ शिट असेल तर मानमोडी, म्हणजे राणीखेत, मग बाकीच्यांची काळजी करायला लागेल. तुऱ्यावर, पापण्यांवर खपल्या आहेत का. आणि चोच उघडून टॉर्चनं तोंडात बघा, पांढरे ठिपके दिसतात का.

उजव्या डोळ्याचंही नीट बघा. बुबुळ राखाडी झालंय आणि मधली काळी बाहुली वेडीवाकडी, टॉर्च मारली तरी हलत नाही असं असेल तर तो मॅरेक्स असू शकतो, त्याला औषध नाही, लस फक्त पिल्लू एक दिवसाचं असताना हॅचरीत देतात. पण तुम्ही ढग म्हणताय, ते वेगळं वाटतंय.

शेवटचं म्हणजे काय खायला घालताय ते सगळं लिहा. आणि कुणाला हात लावला तरी साबणानं धुवा, मुलीला पण सांगा, राणीखेतचा विषाणू माणसाच्या डोळ्यात गेला तर डोळे लाल होतात.

कडोलीची_अक्का:
आमच्यात मागच्या वर्षी असंच झालं होतं पण ती देवी होती, पापण्यांवर खपल्या येऊन दोन्ही डोळे बंद. डासांमुळं पसरते म्हणे, पावसाळ्यात आणि पाऊस उघडल्यावर जास्त. मी खपल्या काढायला गेले तर रक्त आलं, तसं करू नका, तीन आठवड्यांत आपोआप गळून पडतात. त्या दिवसांत तिला दिसत नव्हतं तेव्हा हातानं भाताचा गोळा भरवत होते, मऊ भात दही घालून, ती जगली. डोळे बंद असताना उपाशी मरते कोंबडी, रोगानं नाही.

मिरगाची_पेरणी:
नाना लई आभार. वेगळी काढलीय, तुळशीच्या कट्ट्यामागं पत्र्याखाली डालगं ठेवलंय. बघितलं सगळं. वास नाही, फेस नाही, घरघर नाही. मान पिळत नाही. खपल्या नाहीत. पण तोंडात आत मागं पांढरे बारीक ठिपके आहेत, मोहरीएवढे, मला आधी कणीचे दाणे चिकटलेत वाटलं. बाहुली गोल आहे, टॉर्च मारल्यावर थोडी लहान होते.

खायला काय म्हणाल तर कणी, भाताचा कोंडा, पांढरी ज्वारी, रात्रीचा शिळा भात. पाऊस नसताना सगळं परसातलं गवत, कोथिंबिरीची देठं खातात पण दीड महिना काही हिरवं दिलेलं नाही हे आता लिहिताना लक्षात यायलंय. आणि खुराड्यात बसून बघितलं, लई वास आहे, माझ्या डोळ्याला पाणी आलं.

नाना_उचगाव:
झालं, तुम्हीच सांगितलंत. व्हिटॅमिन ए कमी पडलंय असं माझं मत. कणी आणि पांढऱ्या ज्वारीत ते जवळजवळ नसतंच. कोंबडी हिरव्या पाल्यातनं, पिवळ्या मक्यातनं ते स्वतः बनवते. ते बंद झालं की डोळ्यातलं, तोंडातलं आतलं नाजूक कातडं सुकतं, पाणी येतं, मग पापणीखाली पनीरसारखा गोळा धरतो, आणि तोंडात ते ठिपके येतात, ती त्याची ओळख आहे. गिरिराज गावठीपेक्षा मोठी होते, अंडी जास्त देते, म्हणून कमी पडलेलं तिच्यात आधी दिसतं. बाकीच्यांत पण सुरू झालं असणार, फक्त दिसत नाही.

वरनं खुराड्यातला अमोनिया. ओल्या शिटेतनं निघतो, जमिनीलगत जास्त, म्हणून उभं राहून कळत नाही. तुम्ही बसून बघितलंत ते बरं केलंत. ओलं सगळं उपसून टाका, भाताचं कोरडं तूस चार बोटं जाड घाला, वरच्या बाजूला वारा जायला फट ठेवा. कळीचा चुना टाकू नका, ओल्यात तो डोळे जाळतो.

पाला: शेवगा सगळ्यात चांगला, नाहीतर राजगिरा, मेथी, पालक बारीक चिरून. तांबडा भोपळा, पिकलेली पपई, भरडलेला पिवळा मका. जनावरांच्या औषधाच्या दुकानात व्हिटॅमिन ए चं टॉनिक मिळतं, पण बाटलीवरच्या मापाच्या वर द्यायचं नाही, हे शरीरात साठतं आणि जास्त झालं तर तेही बाधतं.

डोळा धुवायला अर्धा लिटर उकळलेल्या पाण्यात छोटा सपाट चमचा मीठ, कोमट झालं की स्वच्छ कापूस भिजवून पापणीवर धरायचा, मऊ होऊ द्यायचं. तो गोळा दाबून काढायचा नाही. ते डॉक्टरचं काम. आणि डोळ्याचं जे जायचं ते गेलं असेल तर परत येणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो.

परसदार_चिकोडी:
१९६२ नंबरला फोन लावून बघा, फिरती गाडी येते जनावरांची. एका कोंबडीसाठी येतील न येतील, पण फोनवर तरी विचारता येतं. आमच्या भागातले डॉक्टर चांगले आहेत पण कन्नडच बोलतात, तेव्हा सरळ सांगा "कोळीगे कण्णु काणंगिल्ल री", म्हणजे कोंबडीला डोळ्यानं दिसत नाही, पुढचं ते बघूनच समजतात. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा हातवारे करून सांगत होतो आणि त्यांनी पायाला लागलंय समजून पायच तपासला.

यळ्ळूरचा_पोरगा:
वैनी कापू नका. आमच्याकडं एक गावठी दोन वर्षं पूर्ण आंधळी होती, मांजरानं दोन्ही डोळे घालवले. मी जे शिकलो ते सांगतो.

भांडं कधीच हलवायचं नाही. दाणा डावीकडं, पाणी उजवीकडं, रोज तिथंच, भिंतीला टेकवून. भांडं जड पाहिजे, दगडी उखळीसारखं, आणि विटेवर ठेवून तिच्या पाठीच्या उंचीला आणायचं म्हणजे पाय पडत नाही. पसरून टाकलेला दाणा तिला सापडत नाही, खोल भांड्यात भरून ठेवायचा म्हणजे चोच कुठंही मारली तरी दाणाच लागतो. मी भांड्यावर काठीनं टकटक करायचो आणि मग दाणा घालायचो, पाच सहा दिवसांत ती त्या आवाजाला यायला लागली.

हात लावायच्या आधी बोला. नाहीतर तिला ससाणा पडल्यासारखं वाटतं, पंख आपटून जखमी होते. रोज रात्री गळ्याखालची दाण्याची पिशवी चाचपा, भरलेली पाहिजे, रिकामी असेल तर ती दिवसभर नुसतं चोच मारत होती पण पोटात काही गेलेलं नाही. हे मी पहिल्या महिन्यात केलं नव्हतं आणि कोंबडी एवढी वाळली की छातीचं हाड हाताला टोचायचं, अजून वाईट वाटतं.

बसायला उंच दांडी नको, खाली गवतावरच झोपू दे. आंधळी कोंबडी उकरत नाही म्हणून नखं झिजत नाहीत, वाढून वळतात, महिन्यातनं एकदा कापायची, चोचीचं टोक पण बघायचं. ती धुळीत कमी लोळते म्हणून पंखाखाली उवा होतात, चुलीची थंड राख आणि कोरडी माती पाटीत घालून तिला त्यात नेऊन बसवायचं. आणि सोबत द्या, एकटी ठेवली की खाणं सोडते. टोचणारी नको, गावठीतली सगळ्यात गरीब जी असेल ती, तिच्या कुईकुईवरनं ही दिशा धरते.

काळोख_उजेड (निपाणी):
मनापासून विचारतो, पण हा त्या जिवाचा छळ नाही का? आम्ही पण कोंबड्या पाळतो, जीव लावतो, पण दिसत नसेल तर तिला काय सुख.

यळ्ळूरचा_पोरगा:
प्रश्न बरोबर आहे दादा. खात नसेल, वजन उतरत असेल, कोपऱ्यात पंख फुगवून डोकं आत घालून बसत असेल आणि औषधानं फरक नसेल तर मीपण म्हणेन तिला सोडवा. पण आमची उन्हात एक पंख पसरून झोपायची, राखेत लोळायची, पाऊस थांबला की बोलायची. अंडी पण द्यायची! उजेड नुसत्या डोळ्यातनं नाही, कवटीतनंपण मेंदूपर्यंत पोचतो पक्ष्यांच्या, त्यावर त्यांना दिवस लहान मोठा झाल्याचं कळतं. हे मला नंतर एका डॉक्टरनं सांगितलं, तोवर मला वाटायचं दुसरीच कोणतरी तिच्या जागेवर अंडं घालालीय.

कडोलीची_अक्का:
आणि औषध चालू असलेली कोंबडी कापून खाऊ नका कुणी, हे पण सासूबाईंना सांगा.

मिरगाची_पेरणी:
अठरा दिवसांनी लिहालेय, माफ करा, भात लावणी चालू होती.

तालुक्याच्या दवाखान्यात पाटीत घालून नेलं. डॉक्टरांनी डावा डोळा सोडवून तो गोळा काढला, वालाच्या बीएवढा निघाला, मुलगी रडली. व्हिटॅमिन ए कमी पडलंय असंच म्हणाले, वरनं जंतू लागलेत म्हणून एक औषध पाच दिवस, आणि अंडी किती दिवस खायची नाहीत ते कागदावर लिहून दिलं. डावा डोळा गेला. उजव्यात उजेड आणि सावली कळते, मी समोरनं गेले तर मान फिरवते. तोंडातले ठिपके गेले. बाकीच्या पण आता शेवग्यावर तुटून पडतात, एक गावठी शिंकत होती ती थांबली.

तिच्यासोबत गावठीतली काळी ठेवलीय. पितळी वाटीवर चमच्यानं दोनदा वाजवलं की तांबडी भिंतीला धरून सरळ येते. पहिले चार दिवस मीच भरवलं, पिशवी चाचपूनच झोपत होते. सासूबाई काही बोलत नाहीत, पण परवा मी रानात असताना विटेवरचं भांडं त्यांनीच भरून ठेवलेलं.

एक शेवटचं विचारते. गणपतीला चार दिवस माहेरी जायचंय, तांबडीला डालग्यात घालून सोबत नेऊ का?

यळ्ळूरचा_पोरगा:
नेऊ नका वैनी. नवीन जागेत तिला पाणी सापडणार नाही आणि तिथल्या कोंबड्या टोचतील. घरी जो राहणार असेल त्याच्या हातानं आठ दिवस आधीपासून तीच वाटी वाजवून घ्या, सासूबाई असतील तर उत्तमच. बोलायला सांगा, आवाज ओळखीचा झाला पाहिजे. आणि जायच्या दिवशी भांडी घासायला काढलीत तर परत त्याच विटेवर ठेवली का ते बघून मगच बस धरा.