गठ्ठा सोडताना

बऱ्याच जणांना वाटतं की पुस्तकांच्या दुकानातली नोकरी म्हणजे दिवसभर वाचनच. वाचन होतं, पण ते रात्री, घरी. पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका लहानशा दुकानात मी सहा वर्षं होतो, दिवस जायचा तो गठ्ठे सोडण्यात. सुतळी कापायची, चलनाशी प्रती ताडून बघायच्या, मग एकेक प्रत अंगठ्याने भरभर चाळायची. हे चाळणं मला फार आवडायचं, नव्या कागदाचा वास बोटांना लागून राहतो.

चाळायचं कशासाठी, तेही सांगतो. पुस्तकं बहुधा सोळा पृष्ठांच्या फर्म्यांत, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापून घडी घातलेल्या पृष्ठांच्या संचांत छापतात, त्यामुळे बांधणीत फर्मा राहिला की सोळाच्या सोळा पृष्ठं गायब. एकदा माझ्या नजरेतून अशी प्रत सुटली. घेऊन गेलेले आजोबा चौथ्या दिवशी आले. पृष्ठ १६० नंतर एकदम १७७! कादंबरी ऐन रंगात आलेली. मला फार वाईट वाटलं. लगेच दुसरी प्रत काढून दिली, तर त्यांनी काउंटरजवळच्या स्टुलावर बसून राहिलेली सोळा पृष्ठं आधी वाचून काढली आणि मगच पिशवी मागितली.