मदत हवी आहे: गोल्फच्या पटरची ग्रिप जाड घ्यावी की आहे तीच ठेवावी?

नऊहोलवाला

नमस्कार मंडळी. इथे गोल्फ खेळणारे कितीजण आहेत ठाऊक नाही. पण मागे बॅडमिंटनच्या गटिंगवर (रॅकेटच्या तारांवर) भांडायला एवढी गर्दी जमली होती, म्हणून धीर करून विचारतोय.

वय ५९, मुक्काम पुणे. सहा वर्षांपूर्वी खेळायला लागलो, हँडिकॅप २२, म्हणजे साधारण खेळाडू. ड्रायव्हर (लांब मारायचा क्लब) जातो तिथे जातो, त्याचं मला काही वाटत नाही. रडगाणं आहे ते चार फुटांच्या पटचं, म्हणजे ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर) पटरने चेंडू होलकडे ढकलायच्या फटक्याचं. तीन शॉटमध्ये ग्रीनवर येतो, पहिला पट होलजवळ छान थांबतो, सोबतचे "गिमी देऊ का?" (न मारताच आत गेला असं धरू का?) म्हणून बघतात, नेमकं त्या दिवशी कोणी देत नाही, आणि मी तो चार फुटांचा चुकवतो. आमचे कॅडी (क्लबची पिशवी उचलून सल्ला देणारे) येरवड्याचेच, माझ्यापेक्षा पंचवीस वर्षं जास्त ग्रीन पाहिलेले. ते दरवेळी एकच वाक्य बोलतात: "सर, मनगट लागलं."

पटर ३४ इंची, ब्लेड (पातळ डोक्याचा), एका मित्राकडून जुना घेतलेला. ग्रिप बारीक, पिस्तूल आकाराची, रबर घासून काचेसारखं गुळगुळीत झालंय. माझा हात मोठा आहे, ग्लोव्ह लार्ज लागतो. त्यात उजवा अंगठा वर्षभर त्रास देतोय. सकाळी वाकवला की अडकतो आणि टक् करून सुटतो. डॉक्टरांनी घट्ट पकड टाळायला सांगितलंय.

दुकानात गेलो तर मुलाने सगळ्यात जाड ग्रिप हातात ठेवली. "सर, आजकाल सगळे हीच घेतात." किंमत ३,२०० रुपये. दुकानातल्या गालिच्यावर पाच पट मारले, पाचही आत. पण तिथे माझ्या जुन्या पटरनेही पाच आत गेले असते!

जाड ग्रिपने खरंच मनगट गप्प बसतं का, की ते नुसतं मनाचं समाधान? हात मोठा म्हणजे ग्रिपही मोठी, हे गणित पटरला लागू होतं का? आणि पसंत नाही पडली तर ३,२०० पाण्यात, त्याचं काय करायचं?

फुल_टॉस

काका, आमच्याकडे बॅटला एकावर एक दोन ग्रिप चढवतात. तरीही मी पहिल्याच बॉलला जातो. एवढाच अनुभव. बाकी धागा वाचतोय.

मेधा_ऑस्टिन

नऊहोलवाला, तुमची गोष्ट वाचताना माझीच वाटली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बारीक ग्रिप बोटांत बसते. बोटांत बसलेली वस्तू आपण नकळत फिरवतो, पेन फिरवतो तशी. ग्रिप जाड झाली की ती तळहातात सरकते, बोटांना पूर्ण वेढा घालता येत नाही, आणि फिरवाफिरवी कमी होते. मग खांद्यांना काम करावंच लागतं. म्हणजे दुकानातला मुलगा खोटं बोलत नव्हता. त्याने अर्धंच सांगितलं एवढंच.

उरलेलं अर्धं माझ्या खिशाने शिकवलं. मी एकदम सगळ्यात जाड घेतली. आठवडाभर स्वर्ग, छोटे पट सरळ आत. मग लक्षात आलं की तीस फुटांवरून चेंडू कधी सहा फूट अलीकडे थांबतोय, कधी सहा फूट पुढे जातोय. चेंडू पटरला लागला तो कसा लागला, हे बोटांना कळेनासंच झालं होतं. हातमोजे घालून चपाती लाटावी तसं. शेवटी मधल्या जाडीवर आले, आणि चार वर्षं तीच आहे.

म्हणून आधी सांगा: तुमचे चुकतात ते डावी-उजवीकडे, की अंतरात? दिशा चुकत असेल तर जाड ग्रिपचा विचार करा. अंतर चुकत असेल तर जाड ग्रिप ते आणखी बिघडवेल.

हाताच्या मापाचं म्हणाल तर आयर्न-ड्रायव्हर अशा इतर क्लबना ते गणित चालतं. पटरला तितकंसं नाही. टायगर वूड्सने सगळ्या मोठ्या स्पर्धा पिंग कंपनीच्या साध्या बारीक ग्रिपवर जिंकल्या, आणि के. जे. चोईने २०११ची प्लेयर्स स्पर्धा सुपरस्ट्रोक कंपनीच्या लठ्ठ ग्रिपवर. दोघांच्या हातांची मापं काढून काही सिद्ध होणार नाही.

जाडीइतकंच आकाराकडेही बघा. पिस्तूल आकार वर फुगीर आणि खाली निमुळता असतो, वरचा हात त्यात छान अडकून बसतो. काही जाड ग्रिप वरपासून खालपर्यंत सारख्याच जाडीच्या असतात. त्यात खालच्या हातालाही वरच्याइतकीच जाडी मिळते. तुमचा दुखरा अंगठा खालच्या हाताचा आहे, तेव्हा तुम्हाला हा दुसरा प्रकार सोयीचा पडेल असं वाटतं. आणि डावा हात खाली घेऊन बघितलंय का कधी? किंवा क्लॉ पकड, ज्यात उजवा अंगठा ग्रिपवर दाबावाच लागत नाही? त्याला पैसे पडत नाहीत.

नऊहोलवाला

मेधाताई, मनापासून आभार. हातमोजे आणि चपाती लक्षात राहील.

काल मुद्दाम वही घेऊन गेलो. चार फुटांवरून वीस पट, त्यात अकरा आत. चुकलेल्या नऊपैकी आठ डावीकडे! लांबचे मात्र ठीक, तीस फुटांवरून बहुतेक तीन फुटांच्या आत थांबतात. डावा हात खाली घेऊन बघितला, पण लांबच्या पटला मी डावरा फलंदाज झाल्यासारखा वाटलो. क्लॉ बघून आमच्या चौघांच्या फोरसममधला एकजण इतका हसला की सोडून दिली.

अण्णा_सातारकर

नऊपैकी आठ डावीकडे म्हणजे हा योगायोग नाही. ग्रिप विकत घ्यायच्या आधी घरात एक गोष्ट तपासा.

पटरच्या ग्रिपला पुढून सपाट बाजू असते, अंगठे ठेवायला. इतर क्लबची ग्रिप गोलच असावी लागते, पटरला ही सूट आहे. ती सपाट बाजू फेसशी (चेंडूला लागणाऱ्या बाजूशी) अगदी काटकोनात बसवलेली असायला हवी. जुन्या पटरमध्ये, विशेषतः कोणी घरी ग्रिप चढवलेली असेल तर, ती थोडी फिरलेली असते. तुम्ही डोळ्यांनी फेस सरळ लावता, पण हात सपाट बाजूवर विसावतात आणि हलवताना आपल्या सोयीच्या जागी परत येतात. फेस तेवढा बंद होतो, म्हणजे डावीकडे वळतो. तुम्ही मनगटाला शिव्या घालत बसता.

थोडं गणित करू. होलचा व्यास ४.२५ इंच, म्हणजे मध्यापासून काठापर्यंत २ इंचांहून जरासं जास्त. दहा फुटांवर फेस एक अंश वळला तर चेंडू साधारण २ इंच बाजूला जातो, म्हणजे काठावर. चार फुटांवर मात्र जवळजवळ अडीच अंश माफ असतात. चार फुटांवरून तुम्ही सतत डावीकडे चुकवताय म्हणजे फेस अडीच अंशांहून जास्त बंद होतोय. हे थोडंथोडकं नाही. एवढी चूक एकट्या ग्रिपच्या जाडीने होत नाही आणि एकट्या जाडीने सुटतही नाही.

पटर टेबलावर उलटा ठेवा, फेस टेबलाच्या कडेला टेकवा आणि शाफ्टच्या (दांड्याच्या) वरच्या टोकाकडून सपाट बाजू बघा. एक पट्टी धरली की लगेच दिसेल.

आता ३,२०० रुपयांची भीती. बॅडमिंटनची ओव्हरग्रिप आणा, शे-दीडशेत मिळते. ती जुन्या ग्रिपवर गुंडाळा, आधी एक थर, मग दोन. घट्ट ताणून गुंडाळा म्हणजे खालची सपाट बाजू बोटांना लागत राहील. दोन-दोन दिवस खेळा, वही चालू ठेवा. ज्या थराला बरं वाटेल, त्याच्या जवळपासची जाडी दुकानात शोधा. कॅलिपर नसेल तर घेर दोऱ्याने मोजून न्या.

जाड म्हणजे जड असंही धरून चालू नका. फोमच्या जाड ग्रिप कधीकधी जुन्या रबरी ग्रिपपेक्षाही हलक्या निघतात. वर वजन वाढलं की पटरचं डोकं हलकं वाटतं, वजन कमी झालं की डोकं जड वाटतं. तुमचं जुनं ब्लेड मुळातच हलकं असणार, त्यावर जड ग्रिप चढवलीत तर हातात काहीच नसल्यासारखं होईल. पाकिटावर ग्रॅम लिहिलेले असतात, वाचा.

जाडीला नियमांची मर्यादा १.७५ इंच आहे, कुठल्याही बाजूने. बाजारातल्या नावाजलेल्या ग्रिप त्यात बसतात, त्याची काळजी नको.

खारघरकर

एक पावसाळी सूचना. फोमच्या ग्रिपवर घाम आणि सनस्क्रीन बसलं की ती साबणाच्या वडीसारखी निसटते. मग आपण घट्ट धरतो, म्हणजे मूळ उद्देशच गेला. भांड्यांच्या साबणाने कोमट पाण्यात धुवायची, कोरडी पुसायची. काका, तुमची रबरी ग्रिपही आधी धुऊन बघा. काचेसारखी झालीय म्हणता, त्यातली निम्मी काच म्हणजे मळ असेल.

नऊहोलवाला

तीन आठवड्यांनी परत आलो, उशिराबद्दल क्षमस्व. मध्ये पाऊस होता.

अण्णा, पट्टी धरली. ग्रिप फिरलेली आहे! पट्टी टेबलाच्या कडेशी काटकोनात यायला हवी होती, ती चक्क तिरकी. इतकी वर्षं मी त्या पटरने खेळलो, तीन शिकवणाऱ्यांना दाखवला, कोणाच्याच लक्षात आलं नाही. ज्या मित्राकडून घेतला त्याला फोन केला. तो म्हणाला, "अरे, ती मीच बसवली होती, गच्चीत."

ओव्हरग्रिपचाही प्रयोग केला. एका थराने वीसपैकी बारा, दोन थरांनी चौदा. तीन थर केले तेव्हा मेधाताईंचे हातमोजे आठवले: लांबचे पट भरकटले, तीन-चार तर पाच फूट पुढे. म्हणून दोन थर हे माझं माप ठरलं. आणि अंगठा! दोन थरांवर मला दाबावंच लागत नाही, नुसता ठेवला तरी पटर हलत नाही. सकाळचं टक् आहेच, पण खेळून आल्यावर जो ठणका लागायचा तो नाही.

मग दुकानात दोऱ्याची गाठ घेऊन गेलो. त्या मुलाने आधी दोऱ्याकडे, मग माझ्याकडे बघितलं. मधल्या जाडीची, खालपर्यंत सारखी अशी घेतली. सर्वात जाडपेक्षा ४०० रुपये कमी पडले. बसवताना मात्र मी शेजारी उभा राहिलो आणि सपाट बाजू पट्टीने दोनदा मोजायला लावली. तो वैतागला, पण बसवली सरळ.

काल पहिल्यांदा नऊ होल खेळलो. चार फुटांचे सहा आले, पाच गेले. सहावा उजवीकडे चुकला. उजवीकडे! मला तर आनंदच झाला.

मेधा_ऑस्टिन

उजवीकडे चुकला हे अगदी अपेक्षित आहे. इतकी वर्षं फिरलेल्या ग्रिपला तोंड द्यायला तुमच्या हातांनी उलटी सवय लावून घेतली असणार. ती जायला थोडे दिवस लागतील. तेवढ्यात ग्रिप बदलू नका हं.

अण्णा_सातारकर

जुनी ग्रिप कापून काढली का? कंप्रेसरच्या हवेने काढतात, तर शाबूत राहते. शाबूत असेल तर फेकू नका. गच्चीवाल्या मित्राला भेट द्या.

नऊहोलवाला

कापली हो. पण तुकडा ठेवलाय. कॅडींना दाखवला आणि सांगितलं, "बघा, मनगट नव्हतं." त्यांनी तो तुकडा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "सर, थोडं होतंच."