कोरोनाकाळात लकव्याचे पेशंट कशाने दगावले? (ज्येष्ठ नागरिक ग्रुप, चारही विंग)

सेक्रेटरी, डी-२०१: रविवारच्या बैठकीत एक प्रश्न अर्धवट राहिला. २०२०-२१ मध्ये लकव्याचा झटका येऊन दाखल झालेले पेशंट नेहमीपेक्षा जास्त का दगावले? कोरोनाने, की उशीर झाल्याने? आपल्याकडे न्यूरोच्या डॉक्टर आहेत, आयसीयूतल्या सिस्टर आहेत, आकडेशास्त्रवाले काका आहेत. इथेच लिहा. फॉरवर्ड कृपया नकोत.

डॉक्टर, बी-७०२: दोन्हींनी. पण सगळ्यात आधी बघायचं ते हे, की पेशंट दारात आला तेव्हा झटका केवढा होता. तो आम्ही एनआयएचएसएस नावाच्या मोजपट्टीवर मोजतो, ० ते ४२ गुण. शुद्ध, नजर, चेहरा, बोलणं, हात १० सेकंद उचलून धरता येतो का, पाय ५ सेकंद टिकतो का, असं एकेक तपासत जायचं. ४ पर्यंत सौम्य, २० च्या वर फार गंभीर. साथ असो नसो, दवाखान्यात मृत्यू होईल का याचा सर्वांत भरवशाचा अंदाज हा आकडा आणि वय या दोघांवरून येतो. त्यांच्या मागोमाग शुद्ध हरपलेली असणं, गुठळीऐवजी मेंदूत रक्तस्राव असणं, झटक्याआधीच दुसऱ्याच्या आधाराने जगत असणं, हृदयाचे ठोके अनियमित असणं, किडनी कमजोर असणं, दाखल होतानाची साखर चढलेली असणं.

काका, ए-३०१: डॉक्टरांनी सांगितलेला पहिला मुद्दा आकड्यांत फसवतो, म्हणून हिशेब मांडून दाखवतो. आकडे समजण्यापुरते धरा. नेहमीच्या महिन्यात १०० पेशंट दाखल झाले, ४० सौम्य आणि ६० मोठ्या झटक्याचे. मृत्यू १५, सगळे मोठ्या झटक्यातले. म्हणजे १५ टक्के. आता २५ मार्च २०२० पासून लॉकडाऊन. हात थोडा जड झाला, जीभ जरा अडखळली, तर माणसं घरीच थांबली. सौम्य पेशंट ४० चे १५ झाले. मोठे झटके लपत नाहीत, ते ६० च राहिले. एकूण दाखल ७५, मृत्यू तेच १५. टक्केवारी २० झाली, आणि उपचारात तसूभरही फरक नाही! म्हणून नुसती टक्केवारी वाचू नका. वय आणि एनआयएचएसएस सारखे धरून तुलना केली आहे का, ते आधी बघा.

ताई, सी-५०३: मग काका, कोरोनाचा दोष नव्हताच म्हणायचं का?

काका, ए-३०१: नाही हो ताई, तसं अजिबात नाही. वय आणि झटक्याची तीव्रता सारखी धरली तरी कोरोना पॉझिटिव्ह गटात मृत्यू बरेच जास्त उरतात. वेगवेगळ्या देशांच्या नोंदींत हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे. ते का, हे डॉक्टरच सांगतील.

डॉक्टर, बी-७०२: कारण एकाच माणसावर दोन बाजूंनी घाला येतो. विषाणूमुळे रक्तवाहिनीचं आतलं अस्तर सुजतं आणि रक्त गोठायला टपलेलं असतं. डी-डायमर, म्हणजे शरीरात गुठळ्या होत असल्याची खूण देणारी रक्ततपासणी, वाढलेली दिसते ती त्यामुळे. मोठी नस बंद पडण्याचं प्रमाण जास्त, कधी एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी गुठळ्या, आणि तारेने गुठळी ओढून काढली तरी नस पुन्हा बंद व्हायची भीती. दुसरी बाजू फुफ्फुसांची. नस बंद झाली की मेंदूचा मधला भाग मरतो, पण त्याच्याभोवतीचा भाग काही तास उपाशी असूनही जिवंत असतो. आपली सगळी धडपड तो वाचवायची. त्याच वेळी ऑक्सिजन ८५ वर असेल, ताप असेल, बीपी पडलं असेल, तर तोही जातो. मोठी नस बंद असताना दर मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी मरतात असा हिशेब आहे.

आणि एक गट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. कोरोनासाठी आधीच दाखल असलेल्यांपैकी शेकडा एक-दीड जणांना झटका आला. त्यातला जो व्हेंटिलेटरवर, गुंगीच्या औषधाखाली आहे, त्याचा हात लुळा पडला हे कळणार कसं? शेजारी घरचं माणूस नाही. गुंगी उतरवल्यावर एक बाजू हलत नाही असं दिसतं, तेव्हा गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनची वेळ कधीच टळलेली असते.

सिस्टरताई, सी-१०४: डॉक्टर, न्यूमोनियाचं मी लिहू का? पहिल्या आठवड्यात पेशंट मेंदूच्या सुजेने जातो, सूज साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वांत जास्त असते. त्यानंतरचा मोठा मारेकरी म्हणजे छातीतला जंतुसंसर्ग, आणि त्याचं मूळ गिळण्यात. लकव्यात घसा अर्धा बधिर असतो. पाणी, लाळ, पेज श्वासनळीत उतरते.

म्हणून नियम असा, की गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडाने काहीही नाही. गोळीही नाही, तीर्थाचं पाणीही नाही. पेशंट पूर्ण जागा हवा, पाठ सरळ करून बसवायचा. चमचाभर, म्हणजे ५ मिली पाणी द्यायचं. गळ्याच्या घाटीवर दोन बोटं ठेवून ती वर सरकते का बघायचं. मग ‘आ’ म्हणायला लावायचं. ठसका लागला, आवाज ओला किंवा घोगरा आला, ओठाच्या कोपऱ्यातून पाणी ओघळलं, श्वास वाढला, की थांबायचं. असं तीनदा नीट गेलं तरच पेल्यातलं ६० मिली. त्यातही काहींना ठसका न लागताच पाणी आत जातं, म्हणून पुढचे दोन दिवस ताप आणि श्वासावर नजर हवी.

कोरोनात नेमकं हेच अडलं. या तपासणीत पेशंट समोरच्याच्या तोंडावर खोकतो. त्यामुळे ती पुढे ढकलली गेली, कुठे सरसकट नाकातून नळी घातली गेली. नळी असली की न्यूमोनिया टळला असं नाही, लाळ आणि उलटून आलेलं अन्न आत जातंच. लकव्याचे वॉर्ड कोरोनाला दिले गेले, हाताला सवय असलेल्या सिस्टर दुसरीकडे गेल्या. दिवसातून तीन-चार वेळा तोंड पुसून स्वच्छ करणं, डोक्याकडची बाजू ३० अंश वर ठेवणं, भरवल्यावर अर्धा-पाऊण तास आडवं न करणं, ही कामं साधी वाटतात. पण पीपीईमध्ये एका सिस्टरकडे दुप्पट पेशंट असले की सर्वांत आधी हीच सुटतात.

फिजिओताई, ए-६०२: सिस्टरताई, पायातल्या गुठळ्यांची भर घालते. लुळ्या पायात रक्त साचतं, तिथली गुठळी सुटून फुफ्फुसात जाते, आणि कोरोनात हा धोका आणखी वाढलेला. नुसत्या घट्ट मोज्यांचा लकव्यात उपयोग नाही. हवा भरून पोटरी दाबणारे पट्टे लावावे लागतात, आणि डॉक्टरांनी ठरवलं तर रक्त पातळ करायचं इंजेक्शन. दर दोन तासांनी कूस बदलायची. पण पहिल्या २४ तासांत पेशंटला ओढून उभं करायची घाई नको, त्याने अपाय होतो.

काका, बी-१०१ (केमिस्ट): औषधांचं मी सांगतो. कोरोनात दिलेलं डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, दिवसाला ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस, याचा फायदा ऑक्सिजन लागणाऱ्या पेशंटपुरता सिद्ध झाला होता. घरी, ऑक्सिजन ९७ असताना घेतलेल्या कोर्सने मधुमेहींची साखर ३००-४०० वर गेली. वॉरफरिन ही रक्त पातळ करायची गोळी घेणाऱ्यांच्या आयएनआर तपासण्या, म्हणजे रक्त किती पातळ झालं ते बघणाऱ्या, राहिल्या. बीपीच्या गोळ्या संपल्या त्या संपल्याच. लाटेतल्या झटक्यांना हेही कारण आहेच.

डॉक्टर, बी-७०२: अगदी बरोबर, काका. चढलेल्या साखरेने मेंदूची इजा वाढते. दवाखान्यात आम्ही १४० ते १८० मध्ये ठेवतो, त्याखाली खेचत नाही.

ताई, सी-५०३: पुन्हा अशी लाट आली तर कोरोनाचा रिपोर्ट येईपर्यंत इंजेक्शन थांबवतात का?

डॉक्टर, बी-७०२: थांबवू नये. पेशंट पॉझिटिव्ह आहे असंच धरायचं, त्याला मास्क लावायचा, टीमने पीपीई घालायचा आणि सरळ सीटीला न्यायचं. डोक्याबरोबर छातीचाही सीटी त्याच फेरीत होतो. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन ४.५ तासांच्या आत. तारेने गुठळी काढणं ६ तासांत, निवडक पेशंटमध्ये २४ तासांपर्यंत. ही वेळ झटका ‘कळला’ तेव्हापासून धरत नाहीत. माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला, तिथून धरतात. झोपेतून उठल्यावर तोंड वाकडं दिसलं तर रात्री झोपायला गेला ती वेळ. कोरोनात नातेवाईक गेटबाहेर अडले आणि ही वेळ, रक्त पातळ करायच्या गोळीचं नाव, शेवटचा डोस, काहीच आत पोचलं नाही. पेशंटची वाचा गेलेली. गोळी कुठली हे कळेपर्यंत इंजेक्शन हातात धरून बसावं लागतं.

म्हणून कागदावर लिहा आणि पेशंटच्या शर्टाच्या खिशात घाला: शेवटचा ठीक दिसल्याची वेळ, चालू गोळ्या, शेवटचा डोस, ताप किंवा खोकला आहे का, आणि ज्याचा फोन लागेल अशा एकाचा नंबर. १०८ ला फोन करतानाच ‘लकव्याचा झटका’ असे शब्द वापरा. निघण्याआधी दवाखान्याला दोनच गोष्टी विचारा. सीटी आत्ता चालू आहे का? गुठळीचं इंजेक्शन देता का? नाही म्हणाले तर पुढच्या दवाखान्याला फोन. तीन ठिकाणी फिरण्यापेक्षा तीन फोन बरे.

काका, बी-१०१ (केमिस्ट): आणि घरून अ‍ॅस्पिरिन देऊ नका. छातीत दुखलं की देतात, तेच लोक इथेही करतात. सीटीआधी गुठळी की रक्तस्राव कुणालाच कळत नाही.

डॉक्टर, बी-७०२: बीपीची जादा गोळीही नको. २०० दिसलं तरी घरी उतरवायचं नाही, त्या दाबावरच उपाशी भाग तगून असतो. इंजेक्शन द्यायचं ठरलं की १८५/११० च्या खाली आम्ही आणतो. ग्लुकोमीटर असेल तर साखर मात्र जरूर बघा, कमी साखर हुबेहूब लकव्यासारखी दिसते. ६० च्या खाली निघाली तर १०८ वाल्यांना लगेच सांगा, ते शिरेतून ग्लुकोज देतील. तोंडात साखर घालायला जाऊ नका, गिळण्याचं सिस्टरताईंनी सांगितलंच आहे.

सेक्रेटरी, डी-२०१: खूप आभार. एक आपल्या हातातलं: बी आणि सी विंगच्या छोट्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवं बसत नाही. स्ट्रेचर उभं करून पेशंट न्यायचा का?

सिस्टरताई, सी-१०४: नाही, कंबरेतून घसरतो. पट्ट्यांची खुर्ची ठेवा, लुळा हात मांडीवर बांधून घ्यायचा आणि मान मागून धरायची. उलटी होत असेल किंवा शुद्ध नसेल तर खुर्ची नाही. चादरीत कुशीवर, चार माणसांनी जिन्याने.

सेक्रेटरी, डी-२०१: खुर्ची उद्या मागवतो, वॉचमनच्या केबिनमध्ये राहील. डॉक्टरांनी सांगितलेला कागद छापून प्रत्येक घरात दोन प्रती देतो. गोळ्यांची नावं ज्यांनी त्यांनी भरायची.

फिजिओताई, ए-६०२: पेन्सिलीने भरायला सांगा. गोळ्या बदलत राहतात.